साखर नाही, प्रिझर्व्हेटिव्ह नाही. मग सफरचंदाचा गर बरणीत टिकतो कसा?

गणपतीपासून दिवाळीपर्यंत नांदेड आणि लातूरच्या फळबाजारात हिमाचल, काश्मीरच्या सफरचंदांची आवक जोरात असते. सुटी फळे घेण्यापेक्षा पेटी स्वस्त पडते म्हणून पेटी घरी येते आणि आठवड्याभरात खालची फळे मऊ पडू लागतात. जॅम करावा तर घरात आजोबांना मधुमेह आणि बाळाचा वरचा आहार नुकताच सुरू झालेला. अशा वेळी मोबाइलवर हमखास एक व्हिडीओ समोर येतो : सफरचंद शिजवा, गर काढा, बरणीत भरा, साखर न घालता वर्षभर टिकतो. हे खरे आहे का? बरेचसे खरे आहे. मात्र टिकण्याचे कारण समजून न घेता तीच कृती घरच्या केळ्यांवर किंवा सीताफळावर केली, तर ती जिवावर बेतू शकते.

हा गर म्हणजे नेमके काय?

पाश्चात्त्य घरांत याला ॲपलसॉस म्हणतात. नावात सॉस असला तरी टोमॅटो सॉसशी त्याचे नाते नाही. सफरचंदाच्या फोडी थोड्या पाण्यात मऊ शिजवायच्या, गाळून एकजीव करायच्या, झाले. युरोप-अमेरिकेत यासाठी हाताने फिरवायचे गाळणीयंत्र वापरतात. आपल्याकडे तेच काम करणारे यंत्र घरोघरी आहे, ते म्हणजे पुरणयंत्र. होळीला डाळ वाटणारे हे यंत्र सफरचंदाची साल आणि बिया वर ठेवून खाली मऊसूत गर देते.

साखर काढली तर टिकवते कोण?

आपल्या स्वयंपाकघरात पदार्थ टिकवण्याच्या वाटा जुन्या आहेत. पापड, कुरडया, सांडगे यांतील पाणी उन्हात उडवले जाते. लोणच्यात मीठ, आंबटपणा आणि तेल राखणदारी करतात. मोरंबा, गुळांबा, जॅम यांत ते काम साखर किंवा गूळ करतो. जॅममध्ये विद्राव्य घटक किमान ६५ टक्के असावेत, असा भारतीय अन्नसुरक्षा नियम आहे आणि त्यातला मोठा वाटा साखरेचा असतो. एवढी साखर फळातले पाणी स्वतःशी बांधून ठेवते आणि जंतूंना वाढण्यासाठी पाणीच उरत नाही.

म्हणूनच जॅममधली साखर निम्मी केली की तो लवकर बुरशी धरतो. सफरचंदाच्या गराचे गणित मात्र वेगळे आहे. त्यात साखर घातली तरी ती चवीपुरती असते, टिकाऊपणासाठी नसते. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या घरगुती कॅनिंग मार्गदर्शिकेतही या गरासाठी साखर ऐच्छिक आहे. इथे राखण तीन गोष्टी करतात : फळाचा स्वतःचा आंबटपणा, उकळत्या पाण्याची उष्णता आणि हवाबंद झाकण. तिन्ही हव्यात. एक जरी कमी पडली तरी गर टिकण्याची खात्री राहत नाही.

ही पद्धत दोनशे वर्षे जुनी आहे. नेपोलियनच्या काळात फ्रान्समधील मिठाईवाला निकोला अपेर याने अन्न काचेच्या बाटल्यांत भरून, बुचे लावून उकळत्या पाण्यात ठेवण्याची रीत शोधली. १८१० मध्ये त्याला फ्रेंच सरकारने १२ हजार फ्रँकचे बक्षीस दिले. अन्न का टिकते, हे मात्र त्यालाही ठाऊक नव्हते. त्यामागे सूक्ष्मजीव असतात, हे लुई पाश्चरच्या प्रयोगांनंतर कळले.

४.६ हा आकडा का महत्त्वाचा?

आंबटपणा 'पीएच' या एककात मोजतात. आकडा जितका कमी, तितका पदार्थ आंबट. डबाबंद अन्नाच्या जगात ४.६ ही लक्ष्मणरेषा आहे. कारण क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जिवाणू. तो मातीत सर्वत्र असतो. त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यातही मरत नाहीत. हवा नसलेल्या, ओलसर आणि कमी आंबट जागेत, म्हणजे नेमके बंद बरणीत, ते जागे होतात आणि मज्जासंस्थेवर आघात करणारे विष तयार करतात. पीएच ४.६ किंवा त्याहून कमी असेल तर बीजाणू असले तरी वाढत नाहीत.

सफरचंद या रेषेच्या बरेच खाली आहे. गोल्डन डेलिशियस जातीचा पीएच ३.६ च्या आसपास, तर लाल डेलिशियसचा ३.९ च्या आसपास असतो. त्यामुळे बोट्युलिनमला आंबटपणा रोखतो आणि बुरशी, यीस्ट व इतर जिवाणूंना उकळते पाणी संपवते. साखरेची गरज नाही, ती यामुळेच.

फळ जास्त पिकले की आंबटपणा उतरतो. म्हणून पेटीतील अगदी मऊ फळे लगेच खाण्यासाठी आणि घट्ट फळे बरणीसाठी, अशी विभागणी करावी. बाजारात हिरवे ग्रॅनी स्मिथ मिळाले तर गोड जातींत थोडे मिसळावे. आंबटपणा वाढतो आणि चवही खुलते. वाटल्यास किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळणारे सायट्रिक ॲसिड अर्ध्या लिटरला पाव चहाचा चमचा घालता येते. टोमॅटोसाठी हे प्रमाण आवश्यक मानले जाते. सफरचंदाला सक्ती नाही, पण जादा सुरक्षितता मिळते.

घरी कसा करावा?

फळे : एक लिटर गरासाठी साधारण दीड किलो सफरचंद लागते. मार लागलेला भाग कापून चालतो. सडलेले, बुरशी आलेले फळ मात्र पूर्ण टाकून द्यावे. सफरचंदावरील निळसर बुरशी पॅट्युलिन नावाचे विष तयार करते आणि ते शिजवूनही नाहीसे होत नाही. भारतात सफरचंदाच्या रसासाठी त्याची मर्यादा किलोमागे ५० मायक्रोग्रॅम आहे, यावरून त्याचे गांभीर्य लक्षात यावे.

शिजवणे : फळे धुऊन, मधला कठीण भाग काढून फोडी कराव्यात. काळ्या पडू नयेत म्हणून लिंबू पिळलेल्या पाण्यात ठेवाव्यात. जाड बुडाच्या पातेल्यात निथळलेल्या फोडी आणि अर्धी वाटी पाणी घालून, सतत हलवत मऊ शिजवाव्यात. जातीनुसार पाच ते वीस मिनिटे लागतात. पुरणयंत्रातून काढून गर पुन्हा गॅसवर ठेवावा आणि चांगला रटरटू द्यावा. थंड गर बरणीत भरू नये.

भरणे : बरण्या अर्ध्या लिटरच्या किंवा त्याहून लहान घ्याव्यात. त्या साबणाने धुऊन गरम पाण्यातच ठेवाव्यात, नाहीतर गरम गराने काच तडकते. वर साधारण सव्वा सेंटिमीटर जागा सोडून गर भरावा. स्वच्छ चमचा कडेने फिरवून हवेचे बुडबुडे काढावेत. बरणीचे तोंड ओल्या फडक्याने पुसावे. तिथे गराचा थेंब राहिला तर झाकण बसत नाही. झाकण बोटांच्या जोराने लावावे, ताकद लावून आवळू नये. आतली हवा बाहेर पडायला वाट हवी.

उकळणे : खोल पातेल्याच्या तळाशी जाळी किंवा जाड फडके ठेवून त्यावर बरण्या ठेवाव्यात. झाकणांवर किमान अडीच सेंटिमीटर पाणी हवे. पाणी खळखळून उकळू लागले की तिथून २५ मिनिटे मोजावीत. मध्येच उकळी थांबली तर वेळ पुन्हा पहिल्यापासून मोजायची. नंतर गॅस बंद करून पाच मिनिटांनी बरण्या सांडशीने सरळ उचलून कापडावर ठेवाव्यात. १२ ते २४ तास हलवू नयेत.

तपासणे : झाकणाचा मधला भाग खाली ओढला गेलेला असावा आणि बोटाने दाबल्यावर टकटक वर येऊ नये. झाकण बसले नसेल तर ती बरणी फ्रिजमध्ये ठेवून आठवड्याभरात संपवावी.

बोअरच्या क्षारयुक्त पाण्यामुळे बरण्यांवर पांढरा थर चढतो. पाण्यात थोडे व्हिनेगर घातले तर तो येत नाही. २०१६ मध्ये मिरजेहून 'जलदूत' रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरला पाण्याचे मोल सांगायला नको. बरण्यांचे पाणी ओतून न देता पुढच्या खेपेला तेच गरम पाणी वापरावे.

२५ मिनिटेच का, दहा का नाही?

समुद्रसपाटीला पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. दर ३०० मीटर उंचीला हा बिंदू साधारण एक अंशाने उतरतो. नांदेड समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरच्या वर, तर बालाघाटच्या पठारावरील लातूर पाचशे मीटरच्या वर आहे. म्हणजे लातुरात पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. ते कितीही खळखळले तरी त्याहून गरम होत नाही, म्हणून कमी पडलेली उष्णता वेळ वाढवून भरून काढावी लागते.

अमेरिकी मार्गदर्शिकेत सफरचंदाच्या गराच्या सुमारे एक लिटरच्या बरणीसाठी १,००० फुटांपर्यंत २० मिनिटे आणि १,००१ ते ३,००० फुटांसाठी २५ मिनिटे दिली आहेत. आपली दोन्ही शहरे दुसऱ्या गटात येतात. मुंबई किंवा कोकणातल्या नातेवाइकाने सांगितलेली वेळ म्हणूनच इथे जशीच्या तशी चालत नाही. अर्ध्या लिटरच्या बरणीला मोठ्या बरणीचीच वेळ दिली की शंकेला जागा उरत नाही.

गरम गर भरून बरणी उलटी ठेवण्याची युक्ती अनेक व्हिडीओंत दिसते. त्याने झाकण चिकटते, पण वरच्या मोकळ्या जागेतील बुरशी मरेलच असे नाही. उकळत्या पाण्याला तो पर्याय नाही.

जुन्या बरण्या चालतील का?

जॅम, लोणचे किंवा कॉफीच्या रिकाम्या बरण्या प्रत्येक घरात जपलेल्या असतात. त्यांच्या झाकणाच्या आतील रबरासारखा थर कारखान्यात एकदा बसण्यासाठी असतो. दुसऱ्यांदा तो हवाबंद बसेल याची खात्री नसते. त्यांची काचही वारंवार उकळण्यासाठी नसते. कॅनिंगसाठीच्या जाड काचेच्या, दोन भागांच्या झाकणाच्या बरण्या ऑनलाइन मिळतात. बरणी आणि बाहेरची कडी पुन्हा वापरता येते, आतली चकती मात्र दरवेळी नवी घ्यावी. लोणच्याची चिनी मातीची बरणी इथे उपयोगाची नाही, ती हवाबंद होत नाही. जुन्या बरण्यांत गर फ्रिजमध्ये आठवडाभर ठेवायला मात्र काही हरकत नाही.

खरेच वर्षभर टिकतो का?

नेमके इथेच परदेशी पाककृती मराठवाड्यात फसते. अशा बरण्या १० ते २१ अंश तापमानाला ठेवाव्यात आणि ३५ अंशांच्या वर ठेवू नयेत, अशी शिफारस आहे. वर्षभर टिकण्याचा हिशेब त्या थंड तळघरांचा आहे. आपल्याकडे मार्चपासून पारा चढतो, एप्रिल-मे महिन्यांत चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याच्या किंवा स्लॅबखालच्या खोलीत फडताळही तापलेले असते. अशा उष्णतेत गराचा रंग तपकिरी होतो, चव उतरते, जीवनसत्त्वे घटतात आणि झाकणाची पकडही सैल पडू शकते.

म्हणून या भागासाठी साधा नियम ठेवावा : नवरात्र-दिवाळीत भरलेला गर होळीच्या आत संपवायचा. पाच महिने तो वीज नसतानाही टिकतो, आणि भारनियमन सोसलेल्या गावांसाठी फ्रीजरपेक्षा हा मोठा फायदा आहे. त्यानंतर उरलेल्या बरण्या फ्रिजमध्ये हलवाव्यात. प्रत्येक बरणीवर भरल्याची तारीख लिहावी.

मग अर्धापूरची केळी, बालाघाटचे सीताफळ का नाही?

सफरचंद आपल्याकडे बाहेरून येते. आपले फळ वेगळे आहे. नांदेड जिल्ह्यात अर्धापूर, मुदखेडची केळी आणि लातूरला लागून असलेल्या बालाघाटच्या डोंगररांगेत सीताफळ. भाव पडला की ही फळे मातीमोल जातात, त्यामुळे त्यांचाही गर बरणीत भरावा, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण ४.६ ची रेषा इथे आडवी येते.

केळ्याचा पीएच साधारण ४.५ ते ५.२ असतो. पपई तर पाचच्याही वर. म्हणजे उकळत्या पाण्यातून काढलेली केळ्याच्या गराची बरणी दिसायला सफरचंदासारखीच, पण आत बोट्युलिनमला पोषक. सीताफळही गोड, आंबटपणा कमी असलेले फळ आहे. शिवाय त्याचा गर तापवला की कडवट होतो. केसर आंब्याची गत मधली आहे : कच्चा आंबा भरपूर आंबट, पण पूर्ण पिकलेल्याचा पीएच रेषा ओलांडू शकतो. त्यामुळे आमरस अंदाजाने बरणीबंद करू नये.

कुकरमध्ये शिट्ट्या दिल्या तर? कमी आंबट पदार्थांसाठी ११६ ते १२१ अंश तापमान ठरलेल्या वेळेपर्यंत टिकवावे लागते. त्यासाठी दाबमापक असलेला कॅनिंगचा वेगळा कुकर आणि तपासून ठरवलेली वेळ लागते. वरणभाताचा कुकर लहान असतो, लवकर तापतो आणि लवकर निवतो. त्यावर शिट्ट्यांचा हिशेब लावता येत नाही. केळी, सीताफळ, आमरस यांच्यासाठी घरी सुरक्षित वाट म्हणजे फ्रीजर, आणि केळ्यांसाठी वाळवणही.

बरणीबंद आंबटपणाच्या जोरावर टिकणारी आपली फळे म्हणजे आवळा आणि चिंच. लातूर जिल्ह्यातील निलंगा तालुक्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. चिंच मिठासोबत वर्षभर टिकते, त्यामागेही हाच आंबटपणा आहे.

मधुमेही आणि बाळासाठी हा गर कितपत योग्य?

आयसीएमआरच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार, भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. त्यामुळे 'बिनसाखरेचा' हा शब्द लगेच लक्ष वेधतो. पण साखर घातली नाही म्हणजे साखर नाही, असे नव्हे. शंभर ग्रॅम गरात फळाची स्वतःची नऊ-दहा ग्रॅम साखर असतेच. फळ गाळून मऊ केले की ते भराभर खाल्लेही जाते. १९७७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका प्रयोगात अख्खे सफरचंद, त्याचा गर आणि रस यांची तुलना झाली होती. पोट भरल्याची भावना सफरचंदाने सर्वाधिक, गराने कमी आणि रसाने सर्वांत कमी दिली. त्यामुळे दात शाबूत असलेल्या मधुमेही व्यक्तीने अख्खे फळच खावे. चावता येत नसेल तर गर अर्धी वाटी, तोही त्या दिवशीच्या फळाऐवजी. त्याशिवाय वेगळा नव्हे. जॅमपेक्षा तो कितीतरी बरा, पण औषध नाही.

सहा महिन्यांनंतरच्या बाळाला कच्च्या सफरचंदाचा तुकडा घशात अडकू शकतो. शिजवलेला मऊ गर म्हणूनच सोयीचा. वाटीत काढून घ्यावा, बरणीतून थेट चमच्याने भरवू नये. एक वर्षाच्या आत गोडीसाठी मध घालू नये. त्यात बोट्युलिनमचेच बीजाणू असू शकतात आणि बाळाचे आतडे त्यांना रोखू शकत नाही.

बरणी उघडताना काय पाहावे?

झाकण फुगलेले, बरणीतून गळती, उघडताच फेस किंवा पाणी उसळणे, आंबूस वास, बुरशी यांपैकी काहीही दिसले तर चाखून पाहू नये, थेट फेकावे. वरची बुरशी काढून खालचा गर वापरण्याची काटकसर नको. बोट्युलिनमचे विष मात्र वास किंवा रंग न बदलताही असू शकते. दोन-दोन दिसणे, पापण्या जड होणे, बोलताना-गिळताना त्रास अशी लक्षणे दिसली तर ताबडतोब रुग्णालय गाठावे आणि काय खाल्ले ते डॉक्टरांना सांगावे.

बचत गटाला विकायचा असेल तर?

घरात खाणे आणि विकणे यांत फरक आहे. विक्रीसाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी आणि लेबलवर घटक, उत्पादनाची व मुदतीची तारीख लागते. 'साखर घातलेली नाही' असे लिहायचे असेल तर फळात नैसर्गिक साखर आहे, हेही सांगावे लागते. प्रत्येक खेपेचा पीएच मोजणे हा खरा कणा आहे. कागदी पट्ट्या ढोबळ अंदाज देतात, त्यामुळे डिजिटल मीटर घ्यावा.

प्रशिक्षणासाठी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे अन्नतंत्र महाविद्यालय आणि जिल्ह्यातील कृषी विज्ञान केंद्रे जवळची आहेत. २०२० मध्ये सुरू झालेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत वैयक्तिक उद्योगाला प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत कर्जाशी जोडलेले अनुदान ठेवले होते. अर्ज सध्या घेतले जातात का, हे जिल्हा कृषी कार्यालयात आधी विचारावे.

थोडक्यात

सफरचंदाचा गर साखरेविना टिकतो, कारण सफरचंद मुळात आंबट आहे. फळ बदलले की नियम बदलतो. या दिवाळीत पेटी घरी आली तर घट्ट फळे निवडा, पुरणयंत्र काढा, अर्ध्या लिटरच्या बरण्या २५ मिनिटे उकळा, तारीख लिहा आणि होळीला तेच पुरणयंत्र पुन्हा बाहेर निघेल त्याआधी शेवटची बरणी रिकामी करा.